जुन्या लॅपटॉपसाठी एसएसडी: कमी पैशांत भरवशाची कशी निवडावी

एसएसडी म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी लावायची, फिरती तबकडी नसलेली, चिपवर माहिती साठवणारी ड्राइव्ह. तिच्या खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेला असतो तो वेग. ५५० एमबी, ३,५०० एमबी, ७,००० एमबी प्रति सेकंद. बजेट बेताचं असेल तर हा आकडा आधी डोक्यातून काढून टाका. आठ-दहा वर्षांचा रडतखडत चालणारा लॅपटॉप कुठलीही धड एसएसडी लावली की पळायला लागतो, कारण खरा फरक फाइल सापडण्याच्या वेळेत आहे. हार्ड डिस्कचं हेड योग्य जागी सरकायला आणि तबकडी फिरून तिथे यायला दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. एसएसडीला तेच काम ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास जमतं. हा शंभरपट फायदा स्वस्तातल्या ड्राइव्हमध्येही मिळतो. त्यामुळे वरचे चार पैसे मोजायचे ते टिकण्यासाठी. टिकण्याची माहिती मात्र खोक्यावर नसते. ती कंपनीच्या डेटाशीटमध्ये बारीक अक्षरांत असते, आणि ज्या ड्राइव्हला डेटाशीटच नाही तो तिथेच बाद करावा.

नँड चिपचे, म्हणजे एसएसडीत माहिती साठवणाऱ्या चिपचे, भाव महिन्यागणिक वर-खाली होतात, म्हणून इथे किमती दिलेल्या नाहीत. पुढे एखादं गणित मांडलंय ते फक्त पद्धत कळावी म्हणून.

आधी मशीन उघडा

चुकीच्या खरेदीचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे ड्राइव्ह मशीनमध्ये बसतच नाही. २०१२ ते २०१६ च्या दरम्यानच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा (मदरबोर्डला जोडण्याची जुनी पद्धत) हार्ड डिस्क असते. तिच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी सरळ बसते. एसएसडीची जाडी ७ मिलिमीटर असते. जुन्या डिस्कची जागा ९.५ मिलिमीटरची असेल तर नवी ड्राइव्ह आत हलते, म्हणून खोक्यातली प्लास्टिकची चौकट लावा. चौकट दिली नसेल तर पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्याही पुरतात.

त्याहून जुन्या मशीनमध्ये साटा ३ गिगाबिटचा असतो. तिथे एसएसडी २७०-२८० एमबीच्या पुढे जाणार नाही. तरीही लावावी, रोजच्या कामात हे जाणवतही नाही.

नंतरच्या लॅपटॉपमध्ये पातळ पट्टीसारखी ड्राइव्ह बसवायचा एम.२ स्लॉट मिळतो आणि खरा घोटाळा इथेच होतो. एम.२ हे नुसतं आकाराचं नाव आहे. त्याच आकारात साटा ड्राइव्हही येते आणि एनव्हीएमई, म्हणजे नव्या आणि जास्त वेगवान जोडणीची, ड्राइव्हही. काही लॅपटॉपचा स्लॉट फक्त साटा घेतो, काहींचा फक्त एनव्हीएमई, काहींचा दोन्ही. ड्राइव्हच्या सोनेरी दातांमध्ये दोन खाचा असल्या की साटा आणि एक असली की एनव्हीएमई, असं सर्रास सांगितलं जातं. त्यावर विसंबू नका. दोन लेनच्या (डेटाच्या दोनच वाटा असलेल्या) काही एनव्हीएमई ड्राइव्हलाही दोन खाचा असतात. लॅपटॉपच्या मॉडेल क्रमांकावरून निर्मात्याच्या साइटवरचं सर्व्हिस मॅन्युअल काढा आणि त्यात स्टोरेजची ओळ वाचा.

त्याच ओळीत लांबीही सापडेल. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब. २२४२ आणि २२३० या आखूड जाती. आखूड ड्राइव्ह लांब जागेत बसवता येते, पण स्क्रूची सोय बघावी लागते. लांब ड्राइव्ह आखूड जागेत बसत नाही. पीसीआयई (एनव्हीएमई ड्राइव्ह जिच्यावर चालते ती जोडणी) ३.० चा स्लॉट असलेल्या लॅपटॉपमध्ये ४.० ची ड्राइव्ह चालते, फक्त ३.० च्याच वेगाने, म्हणजे साधारण ३,५०० एमबीपर्यंत. दोघींची किंमत सारखी असेल तर खुशाल घ्या, पण ४.० साठी जादा पैसे मोजणं म्हणजे बैलगाडीला रेसिंगचे टायर. हीटसिंकवरही खर्च नको. बहुतेक लॅपटॉपमध्ये तो मावतच नाही.

चिप: टीएलसी की क्यूएलसी

एसएसडीत माहिती सूक्ष्म पेशींमध्ये विद्युतभार अडकवून ठेवली जाते. एका पेशीत तीन बिट ठेवले की ती टीएलसी, चार ठेवले की क्यूएलसी. तीन बिटांसाठी भाराच्या आठ पातळ्या ओळखाव्या लागतात, चारांसाठी सोळा. एकाच भांड्यावर आठ खुणा करा आणि तेवढ्याच उंचीत सोळा करा: दुसऱ्यात थेंबभर कमी-जास्त झालं तरी माप चुकतं. प्रत्येक लिखाणागणिक पेशीचा विद्युतरोधक थर थोडा झिजतो आणि भार गळू लागतो. सोळा खुणांच्या भांड्यात ही गळती लवकर नडते. म्हणून क्यूएलसी कमी वेळा लिहून घेते, आणि लिहितेही सावकाश.

हा सावकाशपणा लपवण्यासाठी जवळपास सगळ्या ड्राइव्ह काही भाग एसएलसी कॅशे म्हणून वापरतात. तिथे एका पेशीत एकच बिट लिहिला जातो, झपाट्याने, आणि मग सवडीने तो माल मूळ जागी हलवला जातो. खोक्यावरचा वेग या कॅशेचा असतो. सॅमसंगच्या ८७० क्यूव्हीओच्या १ टीबी मॉडेलचं डेटाशीट हे प्रामाणिकपणे सांगतं: कॅशे जास्तीत जास्त ४२ जीबी, ती भरली की लिहिण्याचा वेग ८० एमबी प्रति सेकंद. लग्नाच्या व्हिडिओंचं १०० जीबीचं फोल्डर या ड्राइव्हवर कॉपी करायला घ्या. विंडोजच्या कॉपीच्या खिडकीतला हिरवा आलेख आधी पाचशेच्या आसपास सपाट चालतो, चाळीसेक जीबी झाले की कड्यावरून कोसळल्यासारखा खाली येतो आणि तिथेच रांगत राहतो. उरलेल्या साठ जीबीला बारा मिनिटं लागतात. बऱ्यापैकी हार्ड डिस्कही याहून लवकर लिहिते.

म्हणून विंडोज किंवा लिनक्स जिच्यावर टाकायचं आहे ती ड्राइव्ह टीएलसी घ्या. एकदा भरून नंतर मुख्यतः वाचायच्या मालासाठी, म्हणजे गेम, सिनेमे, फोटोंची दुसरी प्रत यासाठी क्यूएलसी चालते. डेटाशीटवर नुसतं ‘३डी नँड’ लिहिलंय आणि टीएलसी हा शब्द कुठेच नाही, तर क्यूएलसीच धरून चाला. टीएलसी असेल तर कंपनी ते सांगायला लाजत नाही.

दुसरी गोष्ट डीरॅम. कुठली फाइल कुठल्या चिपच्या कुठल्या पानावर आहे याचा नकाशा ड्राइव्ह सतत चाळत असते. महागड्या ड्राइव्हमध्ये त्यासाठी वेगळी डीरॅम चिप असते, स्वस्तात ती गाळतात. एनव्हीएमईमध्ये हे फारसं अडत नाही. तिथे ड्राइव्ह लॅपटॉपच्या रॅममधले काही एमबी उसने घेते आणि विंडोज १० च्या २०१७ सालच्या आवृत्तीपासून ही सोय आहे. साटा ड्राइव्हला अशी उधारी मिळत नाही. त्यामुळे साटा घेताना थोड्याच फरकाने डीरॅमवाली मिळत असेल, जशी ८७० ईव्हीओ किंवा क्रुशल एमएक्स५००, तर ती घ्या. एनव्हीएमई घेताना डीरॅमसाठी जीव टाकू नका.

टीबीडब्ल्यूचा बाऊ करू नका

टीबीडब्ल्यू म्हणजे वॉरंटीच्या काळात एकूण किती टेराबाइट लिहू देणार त्याची मर्यादा. उदाहरणं बघा. किंग्स्टन ए४०० च्या २४० जीबीला ८०. क्रुशल बीएक्स५०० च्या ४८० जीबीला १२०. एमएक्स५०० च्या ५०० जीबीला १८०. ८७० ईव्हीओच्या ५०० जीबीला ३००. डब्ल्यूडी ब्लू एसएन५७० च्या ५०० जीबीलाही ३००.

घरचा किंवा ऑफिसचा लॅपटॉप दिवसाला २० जीबी लिहितो असं धरलं तरी वर्षाला ७.३ टीबी होतात. सगळ्यात कमी ८० टीबीडब्ल्यूलाही जवळपास ११ वर्षं पुरतात. म्हणजे टॅली, ब्राउझर आणि ऑनलाइन क्लाससाठी ८० विरुद्ध ३०० हा वाद व्यर्थ आहे. चिपची पारख म्हणूनही हा आकडा वापरू नका. टीएलसी असलेल्या एमएक्स५०० च्या १ टीबीला ३६० आणि क्यूएलसी असलेल्या ८७० क्यूव्हीओच्या १ टीबीलाही ३६०. कंपनी किती जबाबदारी घ्यायला तयार आहे, एवढंच त्यावरून कळतं.

एक अपवाद मात्र आहे. दुकानातल्या सीसीटीव्हीसाठी एसएसडी लावू नका. चार कॅमेरे प्रत्येकी ४ मेगाबिटने म्हणजे सेकंदाला २ एमबी, दिवसाला १७३ जीबी, वर्षाला ६३ टीबी. ८० टीबीडब्ल्यूची ड्राइव्ह सव्वा वर्षात वॉरंटीबाहेर जाते. तिथे सीसीटीव्हीसाठीची हार्ड डिस्कच बरी.

मग स्वस्त एसएसडी मरतात कशाने? बहुतेक वेळा लिहून लिहून झिजल्यामुळे नाही. कंट्रोलर (ड्राइव्ह चालवणारी चिप) जातो, सोल्डर सुटतो, फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर) गोंधळतं किंवा लिहिता लिहिता वीज जाते. फर्मवेअरचं एक प्रसिद्ध उदाहरण २०१९ चं. सर्व्हर बनवणाऱ्या एचपीई कंपनीने आपल्या काही सर्व्हर एसएसडी ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडतील असा इशारा देऊन नवं फर्मवेअर दिलं होतं.  म्हणून ड्राइव्ह अशा कंपनीची घ्या जिच्या साइटवर फर्मवेअर अपडेट करायचं स्वतःचं साधन आहे, आणि बसवल्याबरोबर अपडेट बघून घ्या.

विजेचं दुखणं आपल्याकडे जास्त. स्वस्त ड्राइव्हमध्ये वीज गेल्यावर चालू काम पूर्ण करण्यापुरते कपॅसिटर नसतात. नकाशा अर्धवट लिहिला गेला तर ड्राइव्ह बायोसमध्येही (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर) दिसेनाशी होते. डेस्कटॉपला यूपीएस लावाच. लॅपटॉपला बॅटरी असतेच, असं म्हणाल. पण जुन्या लॅपटॉपची बॅटरी कधीच गेलेली असते आणि तो नुसत्या चार्जरवर चालतो. गावाकडे दिवसातून तीनदा लोडशेडिंग असेल तर एसएसडीच्या आधी बॅटरी बदला. दोन्हीला पैसे नसतील तर एसएसडी २४० जीबीची घ्या आणि वाचलेले पैसे बॅटरीत घाला.

नाव तेच, आत काय?

स्वस्त ड्राइव्हची समीक्षा वाचून ती मागवावी आणि हातात भलताच माल पडावा, हे इथे नियमित घडतं. २०२१ मध्ये क्रुशल पी२ सुरुवातीच्या टीएलसीवरून क्यूएलसीवर गेल्याचं उघड झालं. नाव तेच राहिलं. त्याच वर्षी डब्ल्यूडी ब्लू एसएन५५० ची चिप बदलली आणि कॅशे संपल्यावरचा वेग बराच खाली आला. यापुढे छापील वैशिष्ट्यांवर परिणाम होणारा बदल केला तर मॉडेल क्रमांक बदलू, असं कंपनीला तेव्हा सांगावं लागलं. किंग्स्टन एनव्ही२ सारख्या ड्राइव्हमध्ये वेगवेगळ्या खेपांत वेगवेगळे कंट्रोलर आणि वेगवेगळ्या चिप आढळतात.

यावर उपाय सोपा आहे. समीक्षा वाचा, पण तिची तारीख बघा. सहा महिन्यांपेक्षा जुनी असेल तर ताज्या खरेदीदारांचे अभिप्राय चाळा, विशेषतः क्रिस्टलडिस्कइन्फो या ड्राइव्हची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचे स्क्रीनशॉट असलेले. पाच वर्षांची वॉरंटी असलेल्या मॉडेलमध्ये असले बदल झाले तरी परिणाम कंपनीलाच भोगावा लागतो, म्हणून वॉरंटीची वर्षं हाच सामान्य गिऱ्हाइकाचा सगळ्यात खरा मापदंड. समजा, ५०० जीबीची एक ड्राइव्ह ३,३०० रुपयांना तीन वर्षांच्या वॉरंटीसह आहे आणि दुसरी ४,२०० ला पाच वर्षांच्या. पहिली वर्षाला १,१०० ला पडते, दुसरी ८४० ला.

नँड चिप स्वतः बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्याच: सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन, किओक्सिया, सॅनडिस्क आणि चीनची वायएमटीसी. बाकीचे चिप विकत घेऊन ड्राइव्ह जुळवतात. त्यातले काही चांगलं काम करतात. पण ज्या ब्रँडचं नाव ऐकलेलं नाही, साइट नाही, टीबीडब्ल्यू छापलेला नाही, तिथे कुठल्या दर्जाची चिप आत गेली हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. आणि दीड-दोन हजारांत ‘१६ टीबी पोर्टेबल एसएसडी’ दिसली तर पुढे चला. आत मेमरी कार्ड असतं आणि खोटा आकडा सांगणारं फर्मवेअर.

क्षमता किती घ्यावी? नुसत्या कागदपत्रांच्या कामाला २४० किंवा २५६ जीबी पुरते. जमत असेल तर ५०० ची घ्या. प्रति जीबी भाव सहसा कमी पडतो, आत चिप जास्त असल्याने कामं वाटली जातात, आणि १५-२० टक्के जागा रिकामी ठेवणं शक्य होतं. काठोकाठ भरलेल्या एसएसडीला कॅशेसाठी जागा उरत नाही आणि ती गुदमरते. ५०० जीबी विंडोजमध्ये ४६५ दिसते, २४० ची २२३. हे मोजण्याच्या पद्धतीमुळे होतं, दुकानदाराशी त्यावरून भांडू नका.

बिल, स्टिकर, सेकंडहँड

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात घ्या की ऑनलाइन, जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून मागा. ‘बिलाशिवाय १८ टक्के कमी’ हा सौदा वॉरंटी विकून टाकण्याचा आहे. खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपीचं स्टिकर असायला हवं. बाहेरून आयात केलेल्या पॅकबंद मालावर ते कायद्याने लागतं. ते नसेल तर माल आडमार्गाने आलेला असू शकतो आणि भारतात त्याला वॉरंटी मिळेलच असं नाही. दुबईहून किंवा अमेरिकेहून येणाऱ्या भाच्याला आणायला सांगण्याआधी त्या कंपनीची वॉरंटी भारतात चालते का, ते बघा. सीलबंद खोक्यावरचा सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटीची तारीखही तपासा.

मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं, वॉरंटी सेवा चालू ठेवू असंही सांगितलं. दुकानात उरलेला क्रुशलचा माल वाईट नाही, पण त्याचं बिल मात्र जपून ठेवा.

लॅपटॉपमधून काढलेल्या ड्राइव्ह, सॅमसंग पीएम९९१ किंवा डब्ल्यूडी एसएन५३० सारख्या, स्वस्तात मिळतात. माल चांगला टीएलसीचा असतो, पण त्यांची वॉरंटी लॅपटॉप कंपनीशी बांधलेली असते, तुमच्याशी नाही. दुकानदार स्वतःची सहा महिने-वर्षाची हमी लिहून देत असेल तरच घ्या. घेण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तीन ओळी पाहा: आरोग्य ९० टक्क्यांच्या वर, एकूण लिखाण टीबीडब्ल्यूच्या दहा टक्क्यांच्या आत, मीडिया एरर शून्य. सगळे आकडे शून्य असलेली ‘वापरलेली’ ड्राइव्ह जास्त संशयास्पद. ते आकडे पुसता येतात.

बसवणं आणि पहिला आठवडा

विंडोजच्या बिटलॉकरने डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) केलेली असेल तर रिकव्हरी की आधी लिहून घ्या. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन करत असाल तर तुम्ही काही न करताही एन्क्रिप्शन चालू असू शकतं. मग लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा, नसेल तर आत बॅटरीचा कनेक्टर सोडवा.

एम.२ ड्राइव्ह साधारण तीस अंशांच्या कोनात स्लॉटमध्ये सरकवा. दात आत पूर्ण गेले की ती स्वतःच तिरकी उभी राहते. सोनेरी कडा अर्धा मिलिमीटरही दिसत असेल तर ती अजून आत जायची आहे. मग बोटाने खाली दाबून स्क्रू लावा. हा स्क्रू दोन मिलिमीटरचा, तांदळाच्या दाण्याहून लहान, आणि बहुतेक ड्राइव्हसोबत येत नाही. जुन्या ड्राइव्हचा असेल तर तो जपा, नसेल तर खरेदीच्या वेळीच मागून घ्या. स्क्रूऐवजी टेप लावून काम भागवू नका. लॅपटॉप गरम झाला की टेप सुटते आणि ड्राइव्ह मधूनच गायब होते.

जुनी डिस्क धड असेल तर क्लोनझिला या प्रोग्रॅमने क्लोन करा, म्हणजे तिची जशीच्या तशी नक्कल नव्या ड्राइव्हवर घ्या. ती आधीच कुरकुरत असेल तर क्लोन मध्येच अडकतो. तेव्हा फक्त आपल्या फाइल काढून घ्या आणि विंडोज नव्याने टाका. परवाना मदरबोर्डशी जोडलेला असल्याने तो आपोआप परत चालू होतो. इंटेलच्या ११ व्या किंवा नंतरच्या पिढीच्या लॅपटॉपवर विंडोज टाकताना ड्राइव्ह यादीत दिसली नाही तर ती खराब आहे असं समजून परत करू नका. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घ्या आणि ‘लोड ड्रायव्हर’ने दाखवा. जुन्या मशीनमध्ये बायोसमधली साटाची सेटिंग आयडीईवर असेल तर विंडोज टाकण्यापूर्वी ती एएचसीआयवर आणा.

दुकानाची किंवा साइटची परत घेण्याची मुदत संपायच्या आत ड्राइव्हची परीक्षा घ्या. एच२टेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रॅमने सगळी रिकामी जागा एकदा लिहून परत वाचा. ३०० टीबीडब्ल्यूतला अर्धा टीबी गेला तर काही बिघडत नाही, आणि खोटी क्षमता किंवा खराब चिप असेल तर इथेच उघडी पडते. मग क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा. साटा ड्राइव्हमध्ये सीआरसी एररचा (डेटा वाटेत बिघडल्याचा) आकडा वाढताना दिसला तर दोष केबलचा किंवा सैल कनेक्टरचा असतो. लॅपटॉपची पट्टीसारखी केबल काढून पुन्हा नीट बसवा. विंडोजच्या ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’मध्ये ही ड्राइव्ह ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ अशी दिसते का, ते पाहा आणि आठवड्याचं वेळापत्रक चालू ठेवा. त्यातून ट्रिम चालतं, म्हणजे पुसलेल्या फाइलची जागा ड्राइव्हला मोकळी समजते.

वीज गेल्यानंतर ड्राइव्ह दिसेनाशी झाली तर घाईने कचऱ्यात टाकू नका. लॅपटॉप बायोसच्या स्क्रीनवर वीसेक मिनिटं नुसता चालू ठेवा, अर्धा मिनिट बंद करा, पुन्हा तसंच करा. नकाशा दुरुस्त करायला सवड मिळाली तर ती कधी कधी परत येते. आली की पहिलं काम बॅकअप. हार्ड डिस्क मरायच्या आधी टकटक तरी करते, एसएसडी सांगून मरत नाही, आणि ट्रिममुळे पुसलेलं परत मिळवणंही अवघड.

बॅकअपसाठी लॅपटॉपमधून काढलेली जुनी हार्ड डिस्कच वापरा. ती धड असेल तर अडीच इंची यूएसबी ३.० चं केसिंग आणून तिच्यात टाका आणि दर रविवारी जोडा. उलटं करू नका, म्हणजे एसएसडीवर फोटो टाकून ती कपाटात ठेवू नका. वापरून आयुष्य संपलेल्या घरगुती एसएसडीने विजेशिवाय ३० अंश तापमानात एक वर्ष माहिती धरावी, एवढीच जेडेक या मेमरी-चिपची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकाची अपेक्षा आहे. नवी ड्राइव्ह बरीच जास्त धरते, पण विदर्भातल्या मे महिन्यात कपाटाच्या आत ३० अंश कुठून आणणार?